‘कमी करा’ला चेक भाषेत काय म्हणतात?

माझ्या चहात साखर नको हं. अर्धा चमचासुद्धा नको. का, म्हणून विचारू नका. बरं, विचारलंतच तर सांगतो, पण मध्येच हसायचं नाही. असा गाढवपणा एका माणसाला एकट्यानं जमणं कठीण आहे. मला जमला.

तुम्हाला माहितीये, आम्ही र्युसेल्सहाइमला राहतो. मी, मानसी, आमची पाच वर्षांची रेवा, आणि त्या उन्हाळ्यात पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई. खालच्या मजल्यावर बोझेनाकाकू आणि त्यांचे कारेलकाका. दोघंही चेक. मुलाजवळ राहायचं म्हणून उतारवयात जर्मनीत आलेले. काकूंचं जर्मन आणि माझं जर्मन साधारण एकाच लायकीचं. नामं तोंडानं, क्रियापदं हातानं.

पण बाई म्हणजे सोनं! आम्हा दोघांना ऑफिसात उशीर झाला की रेवाला किटातून तीच आणायची. किटा म्हणजे इथली बालवाडी. ती बंद व्हायच्या वेळेनंतर पोचलात, तर तिथल्या बाई तुमच्याकडे अशा बघतात की जणू मूल तुम्ही बसमध्ये विसरून आलात. काकू नसत्या तर आमच्यापैकी एकाला नोकरी सोडावी लागली असती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर, सासूबाई आल्या त्या आठवड्यात काकूंनी वर एक वाडगा आणून दिला. पांढरा, इनॅमलचा, निळ्या काठाचा. आत क्नेडलीक. म्हणजे काय, तर मोदकाचा चेक चुलतभाऊ. आत अख्खं प्लम, वर वितळलेलं लोणी आणि त्यावर साखरेचा पाऊस. सासूबाईंनी एक खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “निखिलराव, बाई गुणाची आहे.”

दुसऱ्या दिवशी मी वाडगा विसळून खाली द्यायला निघालो.

“रिकामा?” सासूबाईंनी असा आवाज काढला की मी दारातच थबकलो.

“अहो आई, भांडं परत करतोय फक्त.”

“रिकामं भांडं परत देतात होय कुणी? काय म्हणेल ती बिचारी?”

झालं. वाडग्यात बेसनाचे लाडू गेले. दोन दिवसांनी वाडगा वर आला, आत बुख्ती. म्हणजे जॅम भरलेले गोड पाव. वाडगा खाली गेला, आत शंकरपाळे. वर आला, खसखशीचा केक. खाली गेला, रव्याची वडी. कुठल्या लिफ्टलाही एवढं काम नसेल, आणि आमच्या बिल्डिंगला तर लिफ्टच नाही!

आणि नेमकी याच काळात माझी रक्ततपासणी झाली. आमचे डॉक्टर अस्सल जर्मन. रिपोर्टकडे बघितलं, माझ्या पोटाकडे बघितलं, आणि एकच शब्द बोलले. “वेनिगर.” म्हणजे कमी. काय कमी, किती कमी, काही नाही. मग दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, शरद ऋतूत परत तपासू, तोवर साखर उतरली नाही तर गोळ्या सुरू. आयुष्यभर.

माझे वडील आयुष्यभर त्या गोळ्या घेतायत. मला नव्हत्या घ्यायच्या. खरंच घाबरलो होतो मी.

आता तुम्ही म्हणाल, नका खाऊ! अहो, घरात तसं चालतं का? समोर ठेवलेलं टाकायचं नाही ही एक सवय, आणि वर सासूबाई, “एवढा एकच उरलाय, संपवून टाका, निखिलराव.” दर वाडग्यातला तो एकच माझ्या नशिबी. म्हणजे मुळावरच घाव घालायला हवा. काकूंना सांगायला हवं, की जरा कमी करा.

मानसी म्हणाली, “मग सांग ना. वेनिगर, काकू. संपलं.”

“तोंडावर वेनिगर? आणि त्यांना वाईट वाटलं तर? रेवाला कोण आणणार?”

हे तिलाही पटलं.

तेव्हा मला ती कल्पना सुचली. माझ्या सगळ्या कल्पनांसारखीच ती अंघोळ करताना सुचली आणि तिथेच वाहून जायला हवी होती. म्हटलं, नाजूक गोष्ट माणसाला त्याच्या भाषेत सांगावी. चेकमध्ये सांगू! काकू हरखून जातील, रागवायचं विसरतील.

मोबाईलवर इंग्रजी-चेक शब्दकोश उघडला. कमी करण्याचा साधा इंग्रजी शब्द टाकला. वाटलं, एक शब्द येईल, पाठ करू, जाऊ. छे! रांग लागली हो! भाव उतरवायचा असेल तर ‘स्नीझित’. आकार लहान करायचा असेल तर ‘झ्मेन्शित’. मर्यादा घालायची तर ‘ओमेझित’. दुखणं हलकं करायचं तर ‘झ्मीर्नित’. थोडंसं काढून घ्यायचं तर ‘उब्रात’. आणि आवाज बारीक करायचा एक शब्द असा, की तो उच्चारताना माझाच आवाज बारीक झाला.

आपल्याकडे कसं सुटसुटीत आहे! मीठ कमी, आवाज कमी, पगार कमी, अक्कल कमी. एकच शब्द, कुठेही लावा.

“मानसी,” मी विचारलं, “काकूंच्या क्नेडलीकांचा भाव उतरवू, आकार कमी करू, की मर्यादा घालू?”

“तू आधी माझं दुखणं हलकं कर,” ती म्हणाली. “जा खाली.”

शेवटी यादीत पहिला होता म्हणून स्नीझित निवडला. जिन्यात चार वेळा घोकला. काकूंचं दार उघडलं. मी म्हणालो, “प्रोसीम, काकू... स्नीझित.” प्रोसीम म्हणजे कृपया, तेवढं मला येत होतं.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे बघितलं. आणि माझा गाल थोपटला! चेहरा इतका मायेचा झाला की मला आईच आठवली. वाडगा घेतला आणि आत गेल्या.

दोन दिवसांनी वाडगा वर आला, शिगोशीग.

हे कसं झालं? मला काही उमजेना. उच्चार चुकला? शब्द चुकला? रात्रभर विचार केला आणि शब्दच बदलला. पुढच्या खेपेला म्हणालो, “प्रोसीम, झ्मेन्शित!” आणि कळावं म्हणून दोन बोटांनी एवढंसं करून दाखवलं.

काकू म्हणाल्या, “आऽऽ!” कळलं! मी जिन्यात शीळ घालत वर आलो.

पुढचे क्नेडलीक सुपारीएवढे आले. गोंडस! आणि किती, तर वाडग्यावर झाकण बसेना.

रेवा टाळ्या पिटत “नॉख आइन्स, नॉख आइन्स”, म्हणजे अजून एक, अजून एक, करत एकेक तोंडात टाकत होती. सासूबाई म्हणाल्या, “किती निगुतीनं केलेत हो! आता आपणही काहीतरी नाजूक पाठवायला हवं.” आणि चिरोट्यांच्या तयारीला लागल्या.

आता जरा थांबा आणि मला सांगा. तुमच्या लक्षात आलं असेल ना, माझ्या का नाही आलं? प्रत्येक वेळी मी काकूंच्या दारात ‘कमी करा’ म्हणत उभा होतो, तेव्हा माझ्या हातात काय होतं? भरलेला वाडगा! लाडवांनी, वड्यांनी गच्च भरलेला! इंजिनिअर झालो, परदेशात आलो, लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पोट भरतो, आणि हे नाही दिसलं.

मला दिसलं ते कधी? तर एका शनिवारी बेल वाजली. दारात काकू. एका हातात वाडगा, भरलेला. दुसऱ्या हातात मोबाईल. चष्मा नाकावर आणून, रोमन लिपीतलं मराठी एकेक अक्षर फोडत, त्यांनी वाचलं,

“कृ-प-या... ऱ्हा-स... करा.”

मी गार. आतून सासूबाई धावत आल्या. “अगं बाई! कुणाचा ऱ्हास करायचाय हिला?”

काकूंनी आमचे चेहरे बघितले, मोबाईलवर बोट फिरवलं. “क-पा-त?”

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं.

“न्यू-न?” आता त्या रडवेल्या झाल्या होत्या.

तो चेहरा मी ओळखला हो. शब्दकोशाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा. मीच तो! मी त्यांना आत घेतलं, खुर्ची दिली. मग मोडक्या जर्मनमध्ये, हातवारे करत, सगळं बाहेर आलं.

“मी एकदा दिलं,” काकू म्हणाल्या. “एकदा! आई आली, म्हणून. वेलकम. पण तुम्ही भरून दिलं. मी म्हटलं, भारतात असं असेल, भरून आलं की भरून द्यायचं. नाही दिलं तर अपमान. मग तुम्ही चेक बोललात. म्हणालात कमी. मी म्हटलं, बघा, किती नम्र मुलगा, एवढं आणतो आणि कमी आहे म्हणून माफी मागतो! मग म्हणालात छोटे. छोटे केले. माझी बोटं दुखतात! आणि कारेलची साखर... डॉक्टर ओरडतो!”

“काय म्हणतो डॉक्टर?” मी विचारलं.

“वेनिगर!”

बघा! हा शब्द त्यांना येत होता, मला येत होता, दोघांच्या डॉक्टरांनी फुकट शिकवला होता. आणि आम्ही दोघं सभ्य माणसं एकमेकांचं मन सांभाळत शब्दकोश चाळत बसलो होतो.

मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या आधी खो खो हसल्या, मग उठून काकूंचे दोन्ही हात धरले. “वेनिगर,” त्या म्हणाल्या. पहिला जर्मन शब्द! काकूंनी मान डोलावली. करार झाला. मैत्री शाबूत, रेवाची सोय शाबूत, आणि माझ्या गोळ्या टळण्याची आशाही शाबूत.

आता उरला फक्त तो शेवटचा वाडगा. तो संपला, मी घासूनपुसून लख्ख केला.

सासूबाई म्हणाल्या, “द्या बाई रिकामाच. मी काही बोलत नाही.”

मोठ्या मनाची बाई! मी निघालो. जिन्याच्या मधल्या वळणावर आलो आणि वाडग्यात बघितलं. पांढराशुभ्र. ओकाबोका. आतमध्ये नुसतं माझ्या डोक्यावरच्या दिव्याचं प्रतिबिंब. आणि मला कसंतरीच झालं हो. एवढं त्या बाईनं खाऊ घातलं, पोरीला ऊनपावसात सांभाळून आणलं, आणि तिच्या हातात हे असं ठेवायचं? हात धजेना.

परत वर गेलो. कुणाचं लक्ष नव्हतं. आपल्याकडे अगदीच काही नसलं तर काय घालतात? बरोबर! दोन चमचे साखर घातली वाडग्यात. रिकामा नाही, भरलेलाही नाही. मनात म्हटलं, काय तोडगा काढलाय!

काकूंनी वाडग्यात वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हळूच विचारलं, “त्सुकर?”

साखर का, असं त्या विचारत होत्या. आता आमची रीत मी जर्मनमध्ये कुठून सांगणार? जर्मनीत काही कळलं नाही की आम्ही आयटीवाले जे म्हणतो, तेच म्हणालो. “या, या! गेनाऊ!” म्हणजे हो, अगदी बरोबर! आणि वर आलो.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. काकू. हातात वाडगा नव्हता. भट्टीतून नुकताच काढलेला अख्खा ट्रे होता.

“मला कळलं,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “आईसमोर बोलता येत नाही तुम्हाला. पण माझ्या हातचं इतकं आवडतं, की साखरसुद्धा घरून पाठवलीत!”

आता तुम्हीच सांगा, यावर नाही म्हणता येतं?

शरद ऋतूत डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, चष्मा काढला आणि विचारलं, “एवढी साखर येते तरी कुठून?”

मी खरं तेच सांगितलं. म्हणालो, “डॉक्टर, मी स्वतः नेऊन देतो.”