अध्यक्षांनी पक्की केलेली सही

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी, म्हणजे कामं करायची आणि वर बोलणी खायची. यंदा लिफ्टच्या देखभालीचा करार कंपनीने ई-मेलने पाठवला. आमच्या अध्यक्षांची हयात बँकेत लोकांच्या सह्या ताडून पाहण्यात गेलेली. त्यांनी माझ्यासमोर आधार क्रमांक टाकला, मोबाइलवर आलेला ओटीपी भरला आणि डिजिटल सही झाली. कायद्याने ती पेनाच्या सहीइतकीच चालते, हे मी दोनदा सांगितलं. लहान मुलाचं कौतुक करावं तसं त्यांनी ते ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कराराची प्रिंट काढली, प्रत्येक पानावर निळ्या शाईने सही केली, शेजारी सोसायटीचा गोल शिक्का हाणला आणि सगळं स्कॅन करून मला न विचारता कंपनीला पाठवलं. "नुसत्या नंबरावर कोण विश्वास ठेवणार? आता कसं पक्कं झालं!" हे त्यांनी मला जिन्यात ऐकवलं. जिन्यात, कारण लिफ्ट बंद होती.

कंपनीचं उत्तर आलं: स्कॅनमध्ये डिजिटल सही उरत नाही, ती तपासता येत नाही, सही केलेली मूळ फाइलच पाठवा. ती फाइल अध्यक्षांनी, आता कागद आहे म्हणून, डिलीट करून टाकली होती.

मी उत्तर वाचून दाखवलं. चष्मा पुसत ते म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हतो? तुमची ती ऑनलाइन सही टिकत नाही."