पंधरा इंचांची फट

माझी थोरली बहीण नाट्यगृहात प्रॉम्प्टर आहे. नट वाक्य विसरला की त्याला पुढचा शब्द हळूच सांगायचा, हे तिचं काम. तेहेतीस वर्षं ती हे करते आहे. त्याच नाट्यगृहात मी शिंपी आहे. तिथे तिला मी चिकटवलं, तिने मला नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, कारण ती सगळ्यांना उलटं सांगते. नाटकवाले तिला ‘कुजबुज’ म्हणतात. मी ताई म्हणतो, आणि भांडण झालेलं असलं की काहीच म्हणत नाही.

तिची बसायची जागा बघण्यासारखी आहे. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, बरोबर मधोमध, एक चौकोनी भोक आहे आणि प्रेक्षकांच्या बाजूने त्यावर लाकडी टोप आहे. रंगमंचाखालून चार पायऱ्या चढायच्या, दोन खांबांच्या मधून एक खांदा पुढे करून, आडवं होऊन आत सरकायचं आणि स्टुलावर बसायचं. मग तिचं डोकं नटांच्या पायांशी येतं. ताई म्हणते, “लोक चेहरे बघतात, मी टाचा बघते. टाच उचलली गेली की समजायचं, गडी वाक्य शोधतोय.”

गेल्या वर्षी मंचाच्या लाकडाला वाळवी लागली आणि नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद झालं. जुने लाकडी खांब काढून लोखंडी बसवले. पुन्हा उघडायला चार महिने राहिले असताना व्यवस्थापकांनी ताईला जागा बघायला बोलावलं. ताई पायऱ्या चढली, आडवी झाली आणि अडकली. पुढे जाईना, मागे येईना. सुतार, वीजवाला आणि मी, अशा तिघांनी मिळून तिला मागे ओढलं. बाहेर आल्यावर ती इतकी हसली की आम्हालाही खाली बसावं लागलं.

मग मी माप घेतलं. दोन खांबांमधली फट पंधरा इंच. ताईला सुताराच्या दोन फळ्यांमध्ये उभं केलं, एक पाठीला, एक पोटाला, आणि मधलं अंतर मोजलं. साडेसोळा. खांब जाडे झाले होते हे खरं, पण घरी बसून ताईही मागे राहिली नव्हती.

व्यवस्थापक म्हणाले, “खांब हलणार नाहीत, सगळा मंच त्यांच्यावर उभा आहे. पण हल्ली कानात घालायचं छोटं यंत्र मिळतं. बाई तळघरात माईकवर बोलतील, नटाला ऐकू येईल.”

तिथे आमचे मुख्य नट उभे होते. वय बहात्तर. जहाजाच्या म्हाताऱ्या कप्तानाचं नाटक ते पंचवीस वर्षं करताहेत, म्हणून त्यांचं नावच कप्तान पडलं आहे. नाट्यगृह त्याच नाटकाने उघडणार होतं. ते म्हणाले, “यंत्राला तोंड असतं का? हिचं तोंड दिसल्याशिवाय मला शब्द सापडत नाही.”

“मग बाईंना आत मावावं लागेल,” व्यवस्थापक म्हणाले. माणूस वाईट नाही, पण बोलायची वेळ त्याला कधीच कळली नाही.

ताईचं हसू तिथेच थांबलं. घरी जाताना ती मला म्हणाली, “मला तळघरात बसवतील रे. तिथून टाचा दिसत नाहीत.” तेहेतीस वर्षांत मी तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, म्हणून मी चिडून म्हणालो, “मग खा कमी!”

“ते जमत नाही मला,” ती म्हणाली. आणि ते खरंच होतं. एकदा तिने आठवडाभर नुसतं कोबीचं सूप पिऊन काढलं होतं. तिसऱ्या दिवशी पोटात कावळे ओरडत असताना तिने खुन्याला मेलेल्या माणसाचं वाक्य दिलं, आणि त्या बावळटाने ते म्हटलंसुद्धा. त्यानंतर ताईने उपाशी राहणं हा विषयच बंद केला. आधी पोटोबा!

दुसऱ्या दिवशी मी वरच्या मजल्यावरून तिच्याकडे चहाला उतरलो, तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर नवी वही आणि तासलेली पेन्सिल.

“मी काही सोडणार नाही,” तिने जाहीर केलं. “फक्त लिहिणार. प्रॉम्प्टरला वाक्य कापायचा अधिकार नसतो. नाटकात काय आहे आणि प्रत्यक्षात काय झालं, एवढंच त्याने बघायचं.”

आणि ती नाटकासारखंच लिहायला लागली. पहिलं पान मला तोंडपाठ आहे. ‘सकाळ. बिस्किटांचा प्रवेश. एक. दोन. तिसरं विंगेतून डोकावतं. भावाने डबा पुढे केला. तिसऱ्याचा प्रवेश.’ त्याखाली, ‘दुपार. भात, वाटाणे, बटाटा लोण्यासकट. बटाटा उत्तम. नवऱ्याच्या ताटात उरलेला बटाटा. तो थंड होता. का खाल्ला? माहीत नाही.’

भावोजी शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्त आहेत. वही बघून त्यांचे डोळे चमकले. “प्रत्येक ओळीपुढे आकडा घालू या. रोज रात्री बेरीज.”

“बेरीज केलीत तर वही फाडून टाकीन,” ताई म्हणाली. “बेरीज आली की भीती आली, आणि भ्यायले की मी खाते.” भावोजी बिचारे आपलं पेन खिशात घालून भांडी घासायला गेले.

गंमत अशी की नुसतं लिहिल्यानेच कितीतरी गोष्टी गळाल्या. पातेलं घासायच्या आधी खरवडून खाल्लेलं, कपाटाशी उभं राहून तोंडात टाकलेलं, फोनवर बोलता बोलता संपवलेलं, या सगळ्याला ताईने ‘विंगेतलं खाणं’ असं नाव दिलं. “विंगेतलं प्रेक्षकांना दिसतही नाही आणि नटाला आठवतही नाही. मग ते कशाला?” जे खायचं ते बसून, ताटात घेऊन, चव घेऊन. केक खाल्ला तर अर्धं पान केकवर. एकदा तिने उकडलेल्या अंड्यावर इतकं सुंदर लिहिलं की मी घरी जाऊन लगेच अंडं उकडलं. ती बारीक व्हायला लागली आणि माझं पोट सुटायला लागलं. आमच्या घरात न्याय असाच असतो.

दर शनिवारी आम्ही सुताराच्या फळ्यांमध्ये माप घ्यायचो. सोळा. मग पावणेसोळा. ताई शीळ घालत घरी जायची. मग मात्र गाडी अडली. एक शनिवार पावणेसोळा, दुसरा पावणेसोळा, तिसराही तोच. मागच्या खोलीत तालमी जोरात सुरू झाल्या होत्या, तिथे ताई खुर्चीवर बसून शब्द द्यायची, आणि उद्घाटनाला दोनच महिने उरले होते.

त्या रविवारी ताईने वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली, पहिल्या तालमीला नाटक वाचतात तशी, सलग आणि मोठ्याने. भावोजी आणि मी ऐकत होतो, आणि खरं सांगतो, हसून हसून पुरेवाट झाली. मग तिचा आवाज बारीक होत गेला. ती मागे जाऊन पानं चाळायला लागली आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागली.

इथे कप्तानांची एक सवय सांगायला हवी. ताईने शब्द दिला की तो प्रवेश संपल्यावर ते तिच्या हातात सोनेरी कागदातलं एक चॉकलेट ठेवतात. दुसऱ्याच्या तोंडचा शब्द घेतला तर त्याच्या तोंडात गोड घालावं, नाहीतर शब्द आपल्याकडे टिकत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. आणि ती खाईपर्यंत ते समोरून हलत नाहीत. आम्हा सगळ्यांना याचं इतकं कौतुक की ती चॉकलेटं मोजायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

“तालमींच्या पहिल्या आठवड्यात रोज चार,” ताई म्हणाली. “मग सात. परवा अकरा.” तिने वही मिटली. “ही माझी भूक नाही रे. हे त्यांचं विसरणं आहे.”

भावोजी म्हणाले, “मग सांग त्यांना.”

“आणि त्यांनी नाटक सोडलं तर? त्यांना वाटतं, दोन-तीनदा अडतो आपण. वाटू दे. मी खाईन चॉकलेटं.” तिचे डोळे भरून आले होते. “शपथ आहे, कुणी बोलायचं नाही.”

मी शपथ घेतली. मंगळवारी कप्तानांच्या कोटाची फिटिंग होती. कोटाला चोवीस पिना टोचलेल्या, ते आरशासमोर हात पसरून उभे. मी ताईची गुपचूप उचलून आणलेली वही त्यांच्या हातात दिली. माझी बहीण दुसऱ्याच्या विसरण्यापायी तळघरात जाणार, हे मला बघवेना. शपथेपेक्षा राग मोठा झाला, दुसरं काही नाही.

त्यांनी सगळी वही उभ्याने वाचली. बटाट्यापाशी हसले. शेवटाकडे आल्यावर हसायचे थांबले.

“अकरा?” त्यांनी विचारलं.

“काल बारा,” मी म्हणालो.

त्यांनी वही मिटून मला परत दिली. मग म्हणाले, “पिना काढ बाबा. टोचताहेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते ताईच्या दारात हजर. हातात नाटकाची प्रत. ताईने दार उघडलं, आधी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग जिन्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे. “याच्या तोंडात तीळ भिजत नाही!” ती ओरडली. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि चहाही दिला नाही, हे जास्त लागलं.

कप्तान स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले. “कुजबुज, एक कबूल करतो,” ते म्हणाले. “थोडं वय झालंय, ते आहेच. पण बराचसा आळस आहे. तू खाली बसलेली असतेस, म्हणून दहा वर्षांत मी पाठांतर म्हणून केलेलंच नाही. पाठ केलेलं माणूस विसरतो. मी कुठे पाठ केलंय?”

म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला! भावोजींनी हे ऐकलं आणि शाळेतला जुना आवाज काढला. “पान एक उघडा.”

मग दोन महिने रोज सकाळी त्या टेबलावर शाळा भरली. एकीकडे ताई वाटाणे सोलायची, दुसरीकडे भावोजी पेन आपटायचे, आणि कप्तान वादळाचं भाषण म्हणताना चहाचा कप सांडायचे. चॉकलेटाचा नियम त्यांनी मोडला नाही. अडले की चॉकलेट, आणि ताईने ते खायचंच. त्यामुळे आता ताईचं पोट त्यांच्या जिभेवर होतं, आणि त्यांना ते चांगलं माहीत होतं. बारावरून नऊ, नऊवरून सहा. एके दिवशी दोन. भावोजींनी दबकत विचारलं, “आता तरी आलेख काढू?” ताईने परवानगी दिली. त्यांनी भिंतीवर मोठा कागद लावला आणि लाल रेघेने चॉकलेटं व निळीने इंच असे दोन उतार काढले. एवढा आनंदी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

उद्घाटनाचा खेळ रविवारी दुपारचा होता. खेळाआधी तासभर आम्ही रंगमंचाखाली जमलो. सुतार, वीजवाला आणि मी पुन्हा ओढायच्या तयारीने. व्यवस्थापक कानातल्या यंत्राची डबी घेऊन उभे. फळ्यांतलं माप बरोबर पंधरा. ताई चार पायऱ्या चढली, आडवी झाली, सगळा श्वास सोडला आणि सरकली. ब्लाउजचं एक बटण खांबाला घासल्याचा आवाज आला. मग काहीच दिसेना.

आतून आवाज आला, “स्टूल कुणी बदललं? लंगडतंय हे!”

आम्ही टाळ्या वाजवल्या. व्यवस्थापकांनीही वाजवल्या, डबी काखेत धरून. स्टुलाखाली घालायला मी माझ्या कापडाची घडी दिली.

खेळ मी विंगेतून पाहिला. कप्तान एकदाही अडले नाहीत. पहिला अंक गेला, दुसरा गेला, वादळाचं भाषण तर असं झालं की लोक मधेच उठून उभे राहिले. मी टोपाच्या भोकाकडे बघत होतो. ताईचा चेहरा तिथे होता, पेन्सिल हातात, ओठ तयार. एवढे कष्ट करून आत गेली आणि तिला शब्दभर काम नाही. मला कप्तानांचा अभिमान वाटला आणि तिच्यासाठी थोडं चुकल्यासारखंही वाटलं.

शेवटचा प्रवेश. जहाज किनाऱ्याहून सुटतं आहे, कप्तान मागे राहतात. त्यांचं शेवटचं वाक्य आहे, “दोर सोडा. मी इथेच थांबतो.” एवढंच. नाटक दोनदा पाहिलेलं शेंबडं पोरही ते सांगेल.

कप्तान पुढे आले आणि थांबले. त्यांची टाच उचलली गेली. त्यांनी खाली पाहिलं.

“दोर,” ताई म्हणाली.

“दोर सोडा,” कप्तान म्हणाले. “मी इथेच थांबतो.”

पडदा पडल्यावर ते गुडघ्यांवर बसले आणि त्या भोकात त्यांनी सोनेरी कागद पुढे केला. ताईने तो घेतला. मला दोघांचेही चेहरे दिसले नाहीत, आणि दिसले असते तरी त्या वेळी माझ्या डोळ्यांना धड दिसत नव्हतं.

रंगपटात कोट उतरवताना मी विचारलं, “आणि नेमकं तेच वाक्य विसरलात?”

“वेडा आहेस का?” ते म्हणाले. “ती बाई चार महिने खपली त्या फटीतून आत यायला. तिला तशीच परत पाठवू?” मग माझ्याकडे बोट रोखलं. “तिला सांगितलंस तर बघ. शपथ घे.”

मी शपथ घेतली, आणि ही पाळायची असं ठरवून घेतली. संध्याकाळी ताईकडे चहाला उतरलो. ती भावोजींना टाळ्या किती वेळ वाजल्या ते सांगत होती. वही टेबलावर उघडी होती. मी पान माझ्याकडे वळवलं.

‘दुपारचा खेळ. शेवटचा प्रवेश. विसरले नव्हते, टाच मुद्दाम उचलली. तरी शब्द दिला. एक चॉकलेट. बसून, सावकाश खाल्लं.’