खिळ्यांवरचा बटाटा

आमच्या मावशीबद्दल गल्लीत अशी बातमी होती की ती बटाट्यांना खिळे ठोकते. खिळा ठोकताना कुणाचं तरी नाव घेते, आणि ज्याचं नाव घेतलं त्याची कंबर धरते. बातमी निघाली वरच्या मजल्यावरच्या काकूंकडून. काकू जिना उतरल्या की मावशीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी दम खायला थांबतात, आणि दम खाऊन झाला तरी थांबतात. त्यांनी म्हणे आपल्या ह्या, ह्या डोळ्यांनी पाहिलं: फळीवर बटाटा, बटाट्यात खिळे घुसलेले, आणि मावशी हातात सुरी घेऊन त्याच्याशी बोलतेय. मी कशाला खोटं बोलू, मला काय मिळणार आहे त्यातून, असं त्या भेटेल त्याला सांगायच्या. त्यांच्या यजमानांची कंबर त्या आठवड्यात खरोखर धरली होती, त्यामुळे पुरावा घरातच होता.

आता खरं काय ते सांगते. खिळे बटाट्यात ठोकलेले नसतात, फळीत ठोकलेले असतात. खालून वर, टोकं आढ्याकडे. बटाटा त्यांच्यावर दाबून बसवला की तो जागचा हलत नाही आणि एका हातानं सोलता-चिरता येतो. मावशीचा एकच हात चालतो. ती बटाट्याशी बोलते हे मात्र खरं. पण नाव वगैरे कुणाचं घेत नाही. "बस गप," एवढंच म्हणते. आम्हालाही तेच म्हणते.

मावशी शिवणकाम करते. नवे कपडे नाही. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायची, काखेत उसवलेलं शिवायचं, बारीक झालेल्यांचे कपडे आत घ्यायचे आणि तेच लोक पुन्हा जाड झाले की बाहेर सोडायचे. ती म्हणते, शिवणीत कापड जरा जास्त ठेवावं, माणसं परत येतात. दोनेक वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. पाय हळूहळू परत आला. थोडा रुसलेला, पण आला. हात काही आला नाही. त्या हाताला ती जावईबापू म्हणते. कामाला हात लावायचा नाही, नुसतं मांडीवर बसून राहायचं, आणि थंडी पडली की शाल आधी त्यांना.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई आहेत. त्यांचं सगळं बोलणं 'आपण'मध्ये असतं. आता आपण उठणार आहोत, आता आपण छान श्वास घेणार आहोत, आता आपण घाबरणार नाही आहोत. मावशीनं तिसऱ्याच दिवशी त्यांना सांगितलं, तुम्ही उठा, मी बघते, मग मी उठते आणि तुम्ही बघा, दोघी मिळून उठायला गेलो तर पडू. मी हा संवाद दोन्ही आवाजांत करते. बाईंनी एकदा ऐकला आणि म्हणाल्या, आपण फारच द्वाड आहोत.

घरात बदल करायला मावशीनं कोपऱ्यावरच्या सुताराला धरलं. त्याच्या तोंडात सतत खिळे, त्यामुळे तो फक्त 'हूं' म्हणतो, आणि आम्ही त्याला हूंहूं म्हणतो. त्याचं एक हूं म्हणजे करतो. एक लांबलचक हूं म्हणजे पुढच्या आठवड्यात. आणि वर चढत जाणारं एक हूं आहे, ते म्हणजे बाई, हे असलं काही जगात नसतं. मावशीकडे आल्यावर तो बहुतेक हेच तिसरं हूं काढायचा, आणि मग वस्तू करून आणायचा. खिळ्यांची फळी त्याचीच. तिच्या दोन कडांना त्यानं पट्ट्या मारल्यात, ब्रेडचा तुकडा त्या कोपऱ्यात टेकवला की लोणी फासताना पळत नाही. किटलीचा पाळणा त्याचा. भरलेली किटली उचलायची गरजच नाही, पाळण्यात ठेवायची आणि नुसती कलती करायची. न्हाणीघरातल्या भिंतीवरच्या दांड्या त्यानं बसवल्या आणि त्यांना लोंबकळून स्वतःच तपासल्या, तेव्हा त्याच्या तोंडातले खिळे बादलीत पडले.

बाकीचं मावशीनं स्वतःच जमवलं. फ्रिजच्या मुठीला दोरीचा फास, त्यात कोपर घालून दार ओढायचं. बरणी अर्धवट उघड्या खणात उभी करायची, कमरेनं खण दाबून धरायचा आणि झाकण फिरवायचं. वाडग्याखाली ओला फडका, म्हणजे ते ओट्यावर फिरायला निघत नाही. दोरा ओवायचा असेल तर सुई साबणाच्या वडीत रोवायची. खुर्च्यांच्या पायांखाली लाकडी ठोकळे, उठताना सोपं. डावीकडचं जग कधीकधी तिच्या नजरेतून निसटतं आणि खांदा दाराला आपटतो, म्हणून प्रत्येक दाराच्या डाव्या चौकटीवर लाल पट्टी. दाराशी स्टुलावर बूट घालायची लांब पट्टी, हूंहूंनं तासून गुळगुळीत केलेली, एवढी लांब की वाकावंच लागत नाही. आणि ह्या सगळ्यांतून हिंडणारी चाकांची गाडी, तिच्या वर चहाचे कप आणि खाली कात्रीपासून औषधांपर्यंत सगळा संसार.

दिसायला ते घर भंगारवाल्याच्या दुकानासारखं होतं, हे मी कबूल करते. आईला तर ते बघवायचंच नाही. आई मावशीची धाकटी बहीण. ती आली की पदर खोचायची आणि सगळं आपल्या दोन हातांनी करून टाकायची, त्यामुळे ती दोरी कशासाठी आणि तो फडका कशासाठी, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं.

मग दादाचा फोन आला. दादा म्हणजे मावशीचा मुलगा. दुसऱ्या शहरात आठव्या मजल्यावर राहतो, विमा कंपनीत साहेब आहे, आणि त्याचं प्रत्येक वाक्य 'प्रॅक्टिकली'नं सुरू होतं. प्रॅक्टिकली बघितलं तर आई, तू एकटी राहणं धोक्याचं आहे. प्रॅक्टिकली तुझ्यासाठी खोली रंगवून झालीय. शनिवारी येतो, रविवारी तुला घेऊन जातो.

मावशी बराच वेळ ऐकत होती. दादाच्या घरी शिवणयंत्राला जागा नाही. आणि सूनबाई इतकी गुणाची की तिला चमचासुद्धा उचलू देणार नाही. मावशी मला म्हणाली होती, "मारून नाही गं, माणसाला प्रेमानंच लुळं करतात." पण दादाशी ती भांडली नाही. तिनं एकच अट घातली. ये, माझ्या हातचा चहा पी. मला जमत नाही असं तुला वाटलं, तर मी बॅग भरते. आणि मावशी बोलली की बोलली. दिलेल्या तारखेला तिच्याकडची पँट तयार नाही असं आजवर झालेलं नाही.

शनिवारी सकाळी मी तिला व्यायामाला घेऊन गेले. परत येताना ती काठी टेकत, मी तिच्या डाव्या बाजूला. मला आतून धाकधूक होती, म्हणून मी उगाच पैज लावली. म्हटलं, मावशी, दादा तुला घेऊनच जाणार, तो एकदा ठरवलं की ऐकत नाही. ती म्हणाली, एकटा जाईल, आणि जाताना माझी एखादी वस्तू उचलून नेईल. मी म्हटलं, कुठली? म्हणाली, ते त्याला ठरवू दे. हरणाऱ्यानं सगळ्यांचे बटाटे चिरायचे, एका हातानं. लावली पैज.

घरी पोचलो तर दादा आधीच येऊन बसला होता, आणि आई दारात उभी होती, नुकतीच न्हालेली, चेहरा असा की जणू हिनंच घर बांधलंय. घर चकाचक. खुर्च्या खाली उतरलेल्या, चारी पायांवर सरळ. ओटा रिकामा. फ्रिजची मूठ मोकळी, पुसलेली. खिडकीत छान कुंडी. मुलगा एवढ्या लांबून येणार, त्याला आपली आई दोऱ्या-चिंध्यांत राहताना दिसायला नको, म्हणून आईनं आम्ही बाहेर असताना सगळं घर माणसांत आणलं होतं.

मावशी आत आली आणि तिचा खांदा चौकटीवर आपटला. लाल पट्टी नव्हती ना. दादा अर्धा उठला. ती म्हणाली, बस, चहा टाकते.

फ्रिजपाशी गेली, कोपर पुढं केलं, आणि ते कोपर हवेतच राहिलं. मग काठी सोडून तिनं हातानं दार ओढलं, तोल गेला, ओट्याला धरून सावरली. वाडग्यात दूध ओतायला घेतलं तर वाडगं सरकत सरकत कडेला गेलं आणि खाली. दूध तिच्या पायांवर. साखरेची बरणी खणात धरायला गेली तर खणात आईनं घडी केलेले नॅपकिन ठासून भरले होते. मावशीनं एकदा सगळ्या स्वयंपाकघरावरून नजर फिरवली, शिक्षक सहलीत मुलं मोजतात तशी. कुणीच नव्हतं.

मी पैज जिंकत होते आणि मला ती जिंकायची नव्हती.

दादा उठून आत आला. ह्या वेळी तो प्रॅक्टिकली म्हणाला नाही. "आई, राहू दे," एवढंच म्हणाला, "मी करतो." तिच्या हातातली बरणी त्यानं इतक्या हळू घेतली की मला रडूच आलं.

माझ्या आईचा चेहरा तोवर उतरला होता. दूध पुसायला ती वाकली होती, आणि खाली वाकल्या वाकल्या तिला काहीतरी कळलं असावं, कारण ती तिथंच थांबली.

मावशीनं विचारलं, "घर तू आवरलंस?"

आईनं मान हलवली.

"सुरेख आवरलंयस. आता विस्कट."

आई उठली ती थेट पलंगाकडे. आमच्या आईनं आयुष्यात काही टाकून दिलेलं नाही, तेवढं नशीब. पलंगाखालून पिशवी निघाली, पिशवीतून दोरी, फडका, खिळ्यांची फळी. आई रडत होती आणि एकेक वस्तू मला देत होती, आणि मावशी कुठली कुठं ते सांगत होती: वर, अजून वर, उजवीकडे, तुझं उजवं नाही, माझं. किटलीचा पाळणा सापडेना. शेवटी दिसला, खिडकीतली कुंडी त्यातच ठेवली होती. आई हुंदक्यातनं म्हणाली, मला वाटलं ते कुंडीचंच आहे. मावशी हसली ती इतकी की तिला स्टुलावर बसावं लागलं. लाल पट्ट्या तेवढ्या गेल्या होत्या कचऱ्यात. मावशीनं शिवणाच्या डब्यातली लाल फीत काढून दिली आणि दादानं ती चौकटींना चिकटवली. वाकडी. ती अजून तशीच आहे.

मग मावशीनं दादाला खुर्चीत बसवलं आणि चहा केला. कोपर फासात, दार उघडं. बरणी खणात, कंबर खणाला, झाकण फिरलं. किटली पाळण्यात कलली. फळीच्या कोपऱ्यात ब्रेड टेकला, लोणी फासलं. गाडी ढकलत ती बाहेर आली तेव्हा कप काठोकाठ भरलेले होते आणि बशीत थेंब नव्हता. दादा चहा प्यायला. रिकामा कप पुढं केला. मग म्हणाला, अजून आहे का?

दुसऱ्या दिवशी तो घरभर नुसता हिंडत होता. फ्रिज कोपरानं उघडून बघ, खणात बरणी दाबून बघ. मला दिसत नाही असं समजून त्यानं एक हात खिशात घालून अंडं फोडून बघितलं. ते ओट्यावर फुटलं. न्हाणीघरातली दांडी हलवून आला आणि विचारलं, ही कुणी बसवली, चांगली बसवलीय. संध्याकाळी म्हणाला, मी रोज सकाळी फोन करीन, उचलायचा. मावशी म्हणाली, दहानंतर कर, आधी मी कामात असते. तो म्हणाला, प्रॅक्टिकली... आणि पुढचं त्याला सुचलं नाही. आजवर हे असं फक्त त्या एकदाच झालंय. मी ती नक्कल करते, पण खरी मजा त्या गप्प राहण्यात आहे, आणि ते मला अजून नीट जमत नाही.

निघताना तो दाराशी स्टुलावर बसला. दादाला आता पोट आलंय. बूट घालायला वाकला की तो लाल होतो आणि मधेच थांबून काहीतरी बोलतो, दम लागलाय ते कळू नये म्हणून. त्याचा हात आपसूक बाजूच्या लांब पट्टीवर गेला. एक बूट, सटकन. दुसरा बूट, सटकन. त्यानं पट्टीकडे पाहिलं, उलटीसुलटी केली, बॅगेची चेन उघडली.

"आई, हे मी नेतो. तो सुतार तुला दुसरं करून देईल ना?"

मावशी त्याला हो म्हणाली. म्हणताना बघत माझ्याकडे होती.

तो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत ती दारात उभी राहिली. मग आत येऊन तिनं खिळ्यांची फळी ओट्यावर ठेवली, बटाट्यांची टोपली तिच्या शेजारी, आणि म्हणाली, डावा हात खिशात. आई म्हणाली, अगं ताई, पोर आहे, राहू दे. मावशी म्हणाली, पैज आहे.

पहिला बटाटा माझ्या हातून घरंगळत मोरीत गेला. खिळ्यांवर जोर लावून, सरळ खाली दाबायचा असतो, हे मला माहीत होतं पण हाताला माहीत नव्हतं. दुसराही निसटायला लागला तेव्हा मी ओरडलेच त्याच्यावर, बस गप म्हणून. खिडकीबाहेर चपला थांबल्याचा आवाज आला. वर बघितलं तर काकू, दम खात.