खरं बोलणारा घरी जातो

एक केस अजून माझा पिच्छा सोडत नाही. नोकरीत मी खुनी बघितले, बायकोला जाळणारे बघितले. पण रिटायर झाल्यावर डोळ्यांसमोर येतो तो ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा गावच्या पोलीस स्टेशनात माझ्यासमोर बसलेला पुण्याचा एक विद्यार्थी.

आधी माझं सांगतो. मी पोलिसात आलो तो दूरदर्शनमुळे. तेव्हाच्या पोलीस मालिकांत ना पाठलाग, ना गोळीबार. एक टेबल, एक इन्स्पेक्टर आणि समोर घाबरलेला माणूस. इन्स्पेक्टर शांतपणे विचारत राहायचा आणि निर्दोष माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, ‘जा घरी.’ मग ऑस्ट्रेलियात आलो, इथला निळा युनिफॉर्म चढवला, तरी डोक्यात इन्स्पेक्टर तोच!

त्या वर्षांत आपली मुलं इथे लोंढ्याने शिकायला येत होती. टूवूंबात बस नावालाच, म्हणून तिघं-चौघं मिळून एखादी जुनी खटारा गाडी घ्यायची. अशातच एका सकाळी शेतावर निघालेल्या म्हाताऱ्या मजुराला कुणीतरी उडवलं आणि गाडी न थांबवता निघून गेलं. आम्ही पोचलो तेव्हा म्हाताऱ्याचा जीव गेलेला होता. जागेचा पंचनामा केला, हेडलाइटच्या काचा गोळा केल्या. डॉक्टर म्हणाले, कुणी लगेच थांबलं असतं तर कदाचित वाचला असता.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्याचा फोन आला. ‘दोस्ता, एक स्टुडंट गाडी घेऊन आलाय. कांगारूला धडकलो म्हणतो. पण बंपरवर कांगारूचा एक केस नाही. शर्टाचा धागा अडकलाय.’

मुलाला आणलं. विशीतला, किडकिडीत. माझ्या छातीवरचं नाव वाचून त्याचा जीव भांड्यात पडला. ‘काका, तुम्ही मराठी?’

चौकशी माझ्या वरची सार्जंट बाई करत होती, मी शेजारी. रेकॉर्डिंग सुरू. तिने नियमाप्रमाणे त्याचे हक्क वाचून दाखवले. मी तेच मराठीत सांगितलं, ‘हे बघ, बोललंच पाहिजे असं नाही. वकील मागता येतो. नीट विचार कर.’ हे मी तीनदा सांगितलं. तीनदा!

तो चक्क हसला. ‘ज्याला लपवायचंय त्याने वकील मागायचा, काका. आमच्या बाबांना त्या जुन्या पोलीस मालिकांचं वेड आहे. अजून रोज संध्याकाळी लावतात. त्यांच्या मांडीवर बसून बघितल्यात मी. खरं बोलणाऱ्याला कुणी काही करत नाही.’

कप्पाळ!

बराच वेळ तो इंग्रजीत एकच सांगत राहिला, की मला कांगारू वाटला. खरं सांगतो, ते खोडून काढायला आमच्याकडे काही नव्हतं. तिथेच गप्प बसला असता तर निष्काळजीपणाची केस झाली असती. दंड, लायसन्स जप्त, फार तर थोडी शिक्षा. सार्जंटने विचारलं, ‘मागे वळून पाहिलंस का?’

तो तिच्याकडे बघेना. माझ्याकडे वळला आणि मराठीत म्हणाला, ‘काका, आरशात दिसला मला. उठून बसायला बघत होता. कांगारू नव्हता. मी घाबरलो, काका. व्हिसा जाईल असं वाटलं.’

सार्जंटने मला विचारलं, ‘व्हॉट डिड ही से?’

त्या खोलीत ते कळणारा मी एकटा. पण टेप चालू होता, आणि तिकडे एक माणूस मरून पडला होता. मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. नंतर अधिकृत दुभाष्यानेही तेच लिहिलं. केसचा निकाल तिथेच लागला.

माझं बोलणं संपेपर्यंत तो ग्लासभर पाणी प्यायला. चेहरा मोकळा झाला होता. ‘सगळं सांगितलं, काका. आता जाऊ? दुपारी शिफ्ट आहे माझी.’

‘नाही रे बाळा,’ मी म्हणालो. त्याला कळायला वेळ लागला. कळल्यावर तो रडला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला, मी अजून काहीतरी करीन म्हणून. माझ्या हातात काय होतं? डोंबल!

त्याला तुरुंगवास झाला, शिक्षा संपल्यावर परत पाठवायचा हुकूम झाला. ज्या व्हिसासाठी तो पळाला, तोही गेला. कायद्याने सगळं बरोबर झालं. मेलेल्या म्हाताऱ्याची बहीण कोर्टात म्हणाली, आता तरी मला झोप लागेल. तिचं मला पटतं. तरी माझी झोप गेली ती गेलीच.

त्या मालिका लोक अजून का बघतात, ते मला या केसने शिकवलं. तिथे इन्स्पेक्टर चांगला असला की पुरतं. इथे मी चांगला असून कुणाला पुरलो? म्हातारा वाचला नाही, पोरगाही नाही. मी आता त्या मालिका बघत नाही. बघवत नाहीत.

निकालानंतर त्याच्या वडिलांचा पुण्याहून फोन आला. मला वाटलं, शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, ‘साहेब, आपले फार उपकार झाले. समोर आपला माणूस होता म्हणून पोरगं खरं बोललं.’ मग त्यांनी विचारलं, ‘आता त्याला घरी कधी सोडणार?’