काकांचा लॅपटॉप आणि अर्धवट अपडेट

आज सकाळी मी काकांचा आवाज पुसून बसले होते. निदान तासभर मला तसंच वाटत होतं.

काकांना जाऊन आज वर्ष झालं.

कॉलेजातून रिटायर झाल्यावर ते लोकांचे जुने, रडके लॅपटॉप घरी आणायचे आणि त्यांवर लिनक्स ही हलकी, फुकटची सिस्टिम टाकून द्यायचे. आमच्या भागातले, नेपियर टाउनचे दुकानदार त्यांना 'लिनक्सवाले सर' म्हणत.

शेवटच्या महिन्यांत त्यांनी माझ्या मुलीसाठी गोष्टी रेकॉर्ड केल्या. तिला मराठी समजते, पण बोलते हिंदीच. सगळ्या गोष्टी त्यांच्याच लॅपटॉपमध्ये. दुसरी कॉपी कुठेच नाही.

ग्वारीघाटावर नदीकाठी वर्षश्राद्ध करून घरी आलो. काकू स्वयंपाकाला लागली. म्हणाली, "जेवणाआधी त्यांची एक गोष्ट लाव ना."

लॅपटॉप उघडला. वर्षभराचे अपडेट साचलेले. म्हटलं चलो, करून टाकू.

बॅकअप नाही. चार्जरही लावला नाही. मूर्ख बाई!

अर्ध्यात बॅटरी बसली.

चार्जर लावून परत चालू केला. काळी स्क्रीन, चार पांढऱ्या ओळी, पुढे काही नाही.

"मम्मी, आजोबा की कहानियाँ डिलीट हो गईं क्या?"

"चूप बस!" मी खेकसले. तिचा काय दोष? मलाच रडू येत होतं. काकूला काय सांगू?

काकांच्या ड्रॉवरमध्ये लिनक्स इन्स्टॉल करायचा पेनड्राइव्ह सापडला. तो लावला तर समोर दोन पर्याय: इन्स्टॉल करा, किंवा इन्स्टॉल न करता चालवून पाहा. चुकीचं बटण दाबलं तर उरलंसुरलंही साफ.

काका नेहमी म्हणायचे, "काहून घाई करून राहिली? घाबरली असशील तर इन्स्टॉल नको करू. पेनड्राइव्हवरूनच चालव. आधी सामान बाहेर काढ."

दुसरा पर्याय दाबला. जुनी डिस्क उघडली. 'गोष्टी' नावाचं फोल्डर.

सगळ्या होत्या!

आधी दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी, मग फोनमध्ये. नीट आल्या का बघायला एक लावली. काका रंगात येऊन सांगत होते. मध्येच थांबले, खोकले, आणि हाक मारली, "अगं, जरा पाणी दे!"

"आणते हो," स्वयंपाकघरातून काकू म्हणाली.

आणि खरंच ग्लास घेऊन दारात आली.

मी घाबरून बंद करायला गेले.

"राहू दे," ती म्हणाली. ग्लास लॅपटॉपजवळ ठेवला, आणि तिथेच खाली बसली.

काका, तुम्हाला डोकं टेकून नमस्कार.