आधीच भरून ठेवलेला वाघ

नागझिऱ्याच्या जंगलात मी पाहुण्यांची जिप्सी चालवतो, हा माझ्या गाडीवरचा गाईड. ‘प्रीलोड’ हा शब्द त्यानं कुठून उचलला देव जाणे, पण त्याचं सगळंच प्रीलोड, म्हणजे आधीच भरून ठेवलेलं असतं. गेटात शिरण्याआधीच गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा, जिभेवर ‘आत्ताच इथून गेला पाहा’. जंगलाकडे नेटवर्क नाही, म्हणून मोबाईलमध्ये वाघाचा व्हिडिओही घरूनच भरलेला. वाघ दिसला नाही की गेटाबाहेर गाडी थांबवून तो पाहुण्यांना दाखवतो.

परवा व्हिडिओ चालू असतानाच समोरून खराखुरा वाघ रस्ता ओलांडून गेला. पाहुण्यांच्या माना मोबाईलमध्ये. मी याला कोपरानं ढोसलं. यानं वाघ पाहिला आणि व्हिडिओचा आवाज वाढवला.

“सांगतलं काऊन नाही बे?” मी नंतर विचारलं.

“कायले? वाघच तं पाहून राहिले होते. अन् मोबाईलातला मोठा होता.”