गाडीवर बसवत न्हाई

आता हे तुमी कुणाकडून तरी ऐकणारच. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात गोष्ट झाकून राहत न्हाई. मग दुसऱ्यानं मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. माझा गाढवपणा माझ्याइतका बराबर कोण सांगणार? हसायचं तिथं हसा. मधी कुठं हसू थांबलं तर चहा प्या, मला काही वाटणार न्हाई.

माझा मेव्हणा बाळू, म्हंजे सुमनचा, माझ्या बायकोचा, धाकटा भाऊ. नरसीला आईबापाजवळ राहायचा. लग्नाचं बघणं चाललं होतं. मागच्या वर्षी त्याला कावीळ झाली. अंगानं पैलवान गडी, कावीळ काय, उतरंल म्हणून सगळेच निवांत. न्हाई उतरली.

त्याची मोटारसायकल अंगणात तशीच उभी. सासऱ्याला ती बघवंना. तेरावं झाल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "जावईबापू, ही घेऊन जा. सकाळी दार उघडलं की आधी हीच दिसती. वाटतं, पोरगं कुठंतरी निघालंय."

मी आणली. पहिल्यांदा हँडल धरलं तेव्हा डोळे भरले, खोटं कशाला बोलू? पण माणूस लबाड असतो. थोड्या दिवसांत मला ती गाडी आवडायला लागली.

सुमन मात्र तिच्यावर बसंना. सेनगावला निघालो की म्हणायची, "तुमी व्हा म्होरं. मी जीपनं येते."

"काहून?"

"मला न्हाई बसवत त्या गाडीवर."

आता सांगा, ह्याचा अर्थ काय? तुमाला कळला असंल. मला काय कळला? गुडघे! त्या दिवसांत ती उठताना चौकट धरून उठायची. मी विचारलं, "गुडघे दुखायलेत का?" ती काहीच बोलली न्हाई. बाई गप राहिली म्हंजे हो, असा माझा आपला समज.

मग मी मनावर घेतलं. गाडीच्या डाव्या बाजूला साडीवाल्या बायांसाठी पाय ठेवायची पट्टी असती न, फुटरेस्ट, ते मला फार वर वाटायला लागलं. एवढ्या वर पाय ठेवायचा म्हंजे गुडघा दुमडणारच. सेनगावात रफीकभाईचं वेल्डिंगचं दुकान हाय. त्याला म्हणलं, हे काढ अन् आरामाचं बसव. रफीकभाई म्हणाला, "भाभी के वास्ते है ना? फिकर नक्को करो." जुनं काढून त्यानं मागं फेकलं अन् नवं खाली बसवून दिलं.

घरी आणून दारात उभी केली. सुमननं चौकटीतून बघितलं अन् आत गेली. मला वाटलं, अजून वर वाटतंय हिला. दुसऱ्या दिवशी परत सेनगाव. अजून खाली घेतलं. तर येताना बसस्टँडच्या गतिरोधकावर ते असं घासलं, असं घासलं, की ठिणग्या उडाल्या अन् तिथं झोपलेलं कुत्रं पार उसाच्या रसवंतीत जाऊन शिरलं. परत रफीकभाई. त्यानं पट्टी थोडी वर घेतली, पण पाटासारखी रुंद केली. मग पाय घसरू नये म्हणून वर रबर लावलं. मग पाठीला टेकू. गाडी म्होरून मोटारसायकल अन् मागून खुर्ची दिसायला लागली.

एकदा शेजारच्या गंगाकाकूला दवाखान्यात जायचं होतं. म्हणलं चला, बसा. दवाखाना आला तरी काकू उतरंना. "आरं लेकरा, बाजेवर बसल्यावानी वाटायलंय." झालं. काकूनं ते गल्लीभर केलं. मग काय, कुणाला दवाखाना, कुणाला बँक, कुणाला भजन. रोज सकाळी मी कुठली ना कुठली म्हातारी पोचवून राहिलो. एक तर नुसतीच बसून बघायला आली होती. गावातली यच्चयावत म्हातारी त्या गाडीवर बसली. जिच्यासाठी केलं ती तेवढी न्हाई.

बाळूचं वर्षश्राद्ध आलं. आदल्या दिवशी संध्याकाळी सुमन पिशवी भरत होती. मी म्हणलं, "उद्या तरी जीप नको. एवढं आरामाचं फुटरेस्ट हिंगोलीत मिळायचं न्हाई. गुडघ्याला काही तकलीफ व्हायची न्हाई."

"माझ्या गुडघ्याला काय झालंय?"

"दुखतेत न."

"कुणी सांगितलं?"

मी आठवून बघितलं. मीच सांगितलं होतं.

ती बाहेर आली. गाडीजवळ सहज उकिडवी बसली अन् त्या रुंद पट्टीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "जुनं फुटरेस्ट कुठं हाय?"

"रफीकभाईनं काढलं. काहून?"

"त्याला बाळूनं ट्यूब गुंडाळली होती. माझी चप्पल निसटायची म्हणून."

 मी म्हणलं, "मग मला सांगायचं न."

"रोज तर सांगत होते, बसवत न्हाई म्हणून." ती जमिनीकडं बघत बोलत होती. "मागं बसलं की म्होरं त्याची पाठ दिसती मला. गाडी तुमी चालवायले, हे कळतं. तरी त्याचीच दिसती."

म्हंजे बघा, एक वर्ष बाई भावासाठी रडून राहिली अन् मी वेल्डिंग करून राहिलो.

सकाळी तोंडसुद्धा न धुता सेनगाव गाठलं. रफीकभाईला उठवलं. तो म्हणाला, "भाई, भंगार तो टेम्पो भरके गया. थोडा पड्याय पीछे, देख लेव." दुकानामागं गंजलेल्या लोखंडात हात घातला. हे उचल, ते उचल. बोटं कापली. अन् सापडलं! हातभर लोखंडी दांडा, अन् त्याला काळी ट्यूब गुंडाळलेली. मी देव पावल्यासारखा घरी आलो अन् दोन्ही हातांनी सुमनपुढं धरलं.

तिनं ते घेतलं. उलटंपालटं करून बघितलं. मला म्हणाली, "आवं, हा तर फवारणीच्या पंपाचा दांडा हाय."

अन् ती हसली. बाळू गेल्यापासून पहिल्यांदा. "बाळू असता तर गावभर सांगत फिरला असता," असं म्हणत हसली, पदर तोंडाला लावून हसली, अन् हसता हसता कधी रडायला लागली ते तिलाही कळलं न्हाई अन् मलाही. मी तिला धरावं का दांडा धरावा, ह्यातच उभा. मग दांडा खाली ठेवला.

ह्या सगळ्यात जीप निघून गेली. तिकडं श्राद्धाची वेळ होऊन राहिली. सुमननं तोंड धुतलं, आत जाऊन साडी बदलली अन् पंजाबी ड्रेस घालून बाहेर आली. हात म्होरं केला.

"किल्ली द्या."

"तुला येती?"

"बाळूनं शिकवली. सोयाबीन काढल्यावर, मोकळ्या रानात. तुमाला सांगणार होतो आमी." किल्ली घेत म्हणाली, "म्होरं बसलं की कुणाची पाठ दिसत न्हाई."

मी मागं बसलो. गावातून निघालो तर रस्त्याकडंची माणसं चहाचे कप हातात धरून बघत राहिली. सुमन कुणाकडं बघंना. गाडी अशी चालवत होती, की मला एकदाही धक्का बसला न्हाई. मधी एकदा तिचे खांदे हलताना दिसले. मी काही विचारलं न्हाई. एवढी अक्कल तोवर आली होती.

नरसीला अंगणात शिरलो. गाडीचा आवाज ऐकून सासरे आतून धावतच आले. उंबऱ्यावर थबकले. म्होरं बसलेल्या लेकीकडं बघत राहिले. मग जवळ येऊन त्यांनी आधी हँडलला हात लावला, मग तिच्या डोक्याला. 

मला उतरायचं होतं. पण मी दोन्हीकडं पाय टाकून बसलेलो, अन् पाठीमागच्या त्या टेकूत माझा पाय अडकला. काढावा तर निघंना. सगळे पाहुणे बघायलेत. शेवटी सासऱ्यांनी डोळे पुसले अन् म्हाताऱ्या बाईला द्यावा तसा मला हात दिला.

"दमानं, जावईबापू," ते म्हणाले. "तुमाला मागं बसायची सवय न्हाई."